राणीछाप रुपया आणि पायातली जोडवी

बायांनो, हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, भाकरी थापत असाल तर थापत राहा, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या सहाजणी तालुक्याच्या गावी सोनाराकडे गेलो. प्रत्येकीच्या पदराला एक पुरचुंडी. कुणाची झिजून तुटलेली जोडवी, कुणाच्या घुंगरं गळालेल्या पैंजणाचा तुकडा, लेकराच्या बिंदल्या, करदोट्याच्या दोन-चार कड्या, करंड्याचं झाकण. घरात पडून काळवंडलेली मोड. ती आटवायची आणि प्रत्येकीनं स्वतःसाठी नवी जोडवी, नाहीतर बोटात एक साधी अंगठी करून घ्यायची, असं बैठकीत ठरलं होतं. माझ्या पुरचुंडीत सासूबाईंच्या वाळ्याचा अर्धा तुकडा आणि पाच जुने रुपये होते. त्यातले तीन राणीछाप, दोन मुकुट घातलेल्या राजाचे.

सोनारकाकांनी मोड कागदावर पसरली, बोटानं चाळली आणि राजाचे दोन रुपये उचलून बाजूला ठेवले. म्हणाले, "ताई, हे यात घालू नका. यात निम्मीच चांदी आहे."

मला खरं वाटेना. पाचही रुपये सासूबाईंनी एकाच फडक्यात बांधून ठेवलेले. वजनाला सारखे, आकाराला सारखे. त्यांना जन्मभर ते सारखेच वाटले. मग एकात पुरी चांदी आणि दुसऱ्यात निम्मी, हे कसं झालं? ते कळून घ्यायला मी वाचायला बसले आणि वाचता वाचता लक्षात आलं की आपल्या पायातल्या जोडव्याची गोष्ट पार मुंबईच्या टांकसाळीपर्यंत आणि तिथून विलायतेपर्यंत जाते. तीच आज सांगते.

आधी तोळ्याचं बघू. १८३५ साली कंपनी सरकारनं सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याच्या आधी आपल्याकडं रुपये काय एक होते? अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, मराठवाड्यात निजामाचा रुपया. प्रत्येकाचं वजन वेगळं, कस वेगळा. सराफाकडं एक रुपया देऊन दुसरा घ्यायचा तर तो बट्टा कापून घ्यायचा. 'नावाला बट्टा लागला' असं आपण अजून म्हणतो, तो हाच बट्टा. कंपनीचा रुपया यंत्रावर पाडलेला म्हणून त्याला कलदार म्हणू लागले. वजन बरोबर एक तोळा, आजच्या हिशेबानं ११.६६ ग्रॅम. बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी, एक भाग दुसरी धातू, म्हणजे नाणं झिजायला कठीण. निजामाचा हाली सिक्का मात्र वजनात आणि कसात दोन्हीकडं कमी, आणि तो मराठवाड्यात स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालला. तिकडच्या ऐकणाऱ्यांच्या घरात अजून एखादा निघेल.

रुपया म्हणजे तोळा, हे लक्षात ठेवा, कारण जुना सोनार रुपयाच तागडीत टाकून दागिना तोलायचा. वीस रुपये भार म्हणजे वीस तोळे. आणि एक गोष्ट इथंच सांगून टाकते, नाहीतर विसरेन. आज दुकानात 'तोळा' म्हणतात तो १० ग्रॅमचा. तुमच्या आजीचे 'वीस तोळ्यांचे तोडे' जुन्या तोळ्याचे असले तर ते २०० ग्रॅम नाहीत, २३३ ग्रॅम आहेत. मोडायला जाताना तोळे सांगू नका. काट्यावर ग्रॅम बघा.

आता त्या काळातल्या बाईचा व्यवहार कसा चालायचा ते बघा. पीक चांगलं आलं, कापसाचे चार पैसे हातात आले, की ते रुपये सोनाराकडं जायचे. सोनार तेच रुपये मुशीत आटवायचा आणि त्यांचे वाळे, तोडे, दंडातल्या वाक्या, गळ्यातली सरी घडवून द्यायचा. मजुरी तेवढी वेगळी. जमीन नवऱ्याच्या नावावर, बैल सासऱ्याचे, धान्य कणगीत. पण अंगावरची चांदी तिची. चोराला सहज काढून नेता येत नाही, उंदीर खात नाही, पावसात भिजत नाही. बँक खेड्यात नव्हती तेव्हा बाईचा हात-पाय हीच बँक होती.

आणि ही बँक पैसे परत द्यायची. तेव्हा टांकसाळीचा दरवाजा सगळ्यांना उघडा होता. कुणीही चांदी नेऊन द्यावी, सरकारनं थोडी घडणावळ कापून तिचे रुपये पाडून द्यावेत, असा कायदा होता. खेड्यातली बाई काही मुंबईला टांकसाळीत जात नव्हती. मधे सोनार होता, सावकार होता, सराफ होता, आणि प्रत्येकानं आपला हात मारलाच. पण शेवटी त्या चांदीचे रुपये होतात हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं भाव फार खाली जाऊ शकत नव्हता. रुपयाचा वाळा आणि वाळ्याचा रुपया, अशी ती ये-जा होती.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ पुणे, सोलापूर, सातारा, नगर भागात फार वाईट होता. सावित्रीबाई फुल्यांनी १८७७ साली जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्याची हकीकत आहे. त्या दोन वर्षांत मुंबईच्या टांकसाळीत दागिन्यांची चांदी ढिगानं येऊन पडली. खेडोपाडीच्या बायकांचे वाळे, तोडे, साखळ्या तिथं आटले आणि त्यांचे रुपये झाले. धान्याचे भाव चढले होते, त्यामुळं त्या रुपयांत किती दिवस निघाले असतील कोण जाणे. पण तोळ्याला तोळा मोल तरी मिळालं. ही बँक त्या वेळी बुडाली नाही.

ती बुडाली पुढं, आणि बुडवली ती एका कायद्यानं.

झालं असं. तिकडं अमेरिकेत चांदीच्या मोठ्या खाणी लागल्या. इकडं जर्मनीसारख्या देशांनी चांदीचं नाणं सोडून सोन्याचं धरलं आणि आपली चांदी बाजारात काढली. चांदी उदंड झाली, भाव घसरला. आपला रुपया चांदीचा, विलायतेचा पौंड सोन्याचा. एका रुपयाला पूर्वी सुमारे दोन शिलिंग मिळत, ते १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आले. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला पैसे पाठवावे लागत, कर्जाचं व्याज, गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, असं सगळं, आणि ते पौंडात. रुपया स्वस्त झाला की तेवढ्याच पौंडांना जास्त रुपये मोजावे लागत. म्हणून सरकारनं ठरवलं की रुपया महाग करायचा. त्यासाठी २६ जून १८९३ ला कायदा करून टांकसाळीचा दरवाजा लोकांच्या चांदीला बंद केला. इथून पुढं रुपये पाडायचे ते फक्त सरकार पाडणार.

वाचताना वाटतं, यात आपलं काय गेलं? रुपया तोच, तोळ्याचा. पण आता रुपयाची किंमत वेगळी आणि त्यातल्या चांदीची किंमत वेगळी झाली. सरकारचा शिक्का असलेला तोळा सोळा आण्यांचा राहिला. बाईच्या पायातला तोळा बाजारभावाचा झाला, आणि बाजारभाव घसरतच होता. १९०० च्या सुमारास रुपयाभार चांदी दहा-अकरा आण्यांच्या आसपास आली होती. ज्या आजीनं रुपये आटवून वाळे केले होते, तिनं एकेका रुपयाचे सोळा आणे मुशीत घातले होते. मोडायला गेली तेव्हा पाच-सहा आणे हवेत विरले होते. तिनं काही केलं नव्हतं, सोनारानंही तूट धरली नव्हती. तिला न विचारता, तिला न सांगता, तिच्या गाठीचा तिसरा हिस्सा गेला.

आणि नेमका तेव्हाच दुष्काळ. १८९६-९७ चा एक, तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा दुसरा, तो तर कित्येकांच्या घराण्यात अजून आठवणीत आहे. या वेळी बायका पुरचुंड्या घेऊन बाजारात आल्या तेव्हा मागे टांकसाळ नव्हती. दादाभाई नौरोजींनी १८९८ च्या चलन समितीपुढं टांकसाळ बंद करण्याविरुद्ध लेखी म्हणणं मांडलं होतं. निर्णय काही फिरला नाही. मला विचाराल तर इतिहासाच्या पुस्तकात लढाया पानंच्या पानं असतात आणि या कायद्याला दोन ओळीही मिळत नाहीत, याचं कारण एवढंच की ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यातल्या कुणाला लिहिता येत नव्हतं.

उगीच त्या काळाचं कौतुकही करायला नको. अंगावरची चांदी बाईची, हे म्हणायचं खरं. पण अडचण आली की सगळ्यात आधी तीच सावकाराकडं जायची आणि ती काढून द्यायला नाही म्हणायची सोय किती जणींना होती? बैल विकायच्या आधी वाळे विकले जात. कित्येकदा दारू आणि जुगार यांनाही तीच चांदी पुरत असे.

पुढं गंमत अशी झाली की काटा उलटा फिरला. पहिल्या महायुद्धात चांदी महाग होऊ लागली. इतकी, की रुपया आटवून चांदी विकलेली परवडेल अशी वेळ आली. तेव्हा १९१७ साली सरकारनं नाणी आटवण्यावरच बंदी घातली. म्हणजे बघा, चांदी स्वस्त असताना तुमचा दागिना आम्ही घेणार नाही, आणि महाग झाल्यावर आमचं नाणं तुम्ही आटवायचं नाही! त्याच साली एक रुपयाची कागदी नोट निघाली. लोकांनी ती हातात धरायला कुरकुर केली आणि चांदीचे रुपये मडक्यात घालून पुरले. आपल्याकडं जुनं घर पाडताना चुलीखाली रुपये निघाले अशा गोष्टी ऐकू येतात, त्यातल्या काही तरी या काळातल्या असणार.

आता सासूबाईंच्या त्या दोन रुपयांकडं येते. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुन्हा टंचाईत आली. १९४० साली सरकारनं रुपयाचा कसच उतरवला. वजन तेच ११.६६ ग्रॅम, पण शंभरात चांदी पन्नास, तांबं चाळीस, निकेल पाच, जस्त पाच. १९४५ पर्यंत असे रुपये निघाले. जुने राणीछाप रुपये १९४१ साली चलनातून बाद केले, म्हणजे लोकांनी ते सरकारात जमा करावेत. ज्यांना चांदीची पारख होती त्यांनी जमा केले नाहीत. आमच्या घरातल्या कुणी तरी तीन ठेवले. पुढं १९४७ सालचा रुपया तर निकेलचा आला, त्यात चांदीचा कणही नाही.

निम्म्या चांदीचा रुपया ओळखायचा कसा? आधी साल बघा. १९४० ते १९४५ असेल तर तो निम्म्या चांदीचा. दुसरं, कड. या रुपयांच्या कडेला आट्यांच्या मधून एक खाच फिरवलेली असते; जुन्याला नुसत्या उभ्या आट्या. सोनारकाकांनी दोन्ही रुपये दगडावर टाकून आवाजही ऐकवला. राणीछाप खणखणला, तो बराच वेळ वाजत राहिला. खणखणीत नाणं म्हणतात ते हे. त्यांच्या हिशेबात राजाच्या रुपयात ५.८३ ग्रॅम चांदी, बाकी तांब्याची भरती. तो मोडीत मिसळला असता तर सगळ्या चांदीचा कस उतरला असता.

मग पुढं आटवणं. ते आम्ही तिथंच बसून पाहिलं.

आधी भांडण झालं, ते लपवत नाही. काका म्हणाले, सगळ्यांची एकदम आटवतो, वेळ वाचेल. एकजण म्हणाली, माझी मोड माहेरची आहे, कसाची आहे, तिच्यात दुसऱ्यांची का मिसळू? दुसरीला ते लागलं. बोलणं वाढलं. खरं म्हणजे तिचं बरोबरच होतं. एकदा मुशीत गेल्यावर कुणाची चांदी कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. कसोटीच्या दगडावर प्रत्येकीच्या मोडीची रेघ ओढून तेजाबाचा थेंब टाकून पाहिला तेव्हा सहाही रेघा वेगळ्या दिसल्या. करंड्याचं झाकण तर जर्मन सिल्व्हरचं निघालं. नावात सिल्व्हर, पण त्यात चांदी नसतेच. तांबं, निकेल आणि जस्त. (आपण घरात 'जर्मनचं पातेलं' म्हणतो ते आणखी वेगळं, ते ॲल्युमिनियम.) झाकणवालीचा चेहरा उतरला. मग सहाजणींची सहा वेळा वेगवेगळी आटवायची असं ठरलं आणि दिवस तिथंच गेला.

मोड निवडणं हे निम्मं काम. बिंदल्यांमधला लोखंडी खिळा काढला, तोड्याच्या पोकळीतली लाख तापवून काढली, दोरे जाळले. सगळ्यात जपायचं ते कथलाच्या झाळेला. गावातल्या भांडी डागणाऱ्याकडून कुणी जोडवं जोडून आणलेलं असतं, त्यात कथील नाहीतर शिसं असतं. तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो. तो मुशीत गेला तर चांदी ठिसूळ होते, हातोडी मारली की तडकते.

मग मूस शेगडीत लाल झाली. मोड आत गेली, वर टाकणखाराची चिमूट. सोनार त्याला सवागी म्हणतात. टाकणखार वितळून मळ आपल्याकडं ओढून घेतो आणि चांदीवर काचेसारखी साय धरतो. पूर्वी हे सगळं कोळसा, भाता आणि फुंकणी यांवर चालायचं. आता काका गॅसची ज्योत लावतात. चांदी वितळायला ९६२ अंश उष्णता लागते. आधी तुकडे नुसते लाल दिसतात, मग एकदम खचतात, एकमेकांत शिरतात आणि मुशीच्या तळाशी आरशासारखा गोळा गोल फिरू लागतो. तो पाहताना आमच्यातली एकही बोलत नव्हती. काका म्हणाले, पातळ चांदी हवा पिते, आणि थिजताना ती हवा बाहेर टाकते, मग वर फोड येतात. म्हणून ते कोळशाची पूड भुरभुरतात. तेल लावून तापवलेल्या लोखंडी साच्याच्या खाचेत चांदी ओतली, भुर्रकन धूर झाला, आणि बोटाएवढी लगड तयार. माझी मोड ६१ ग्रॅम होती, लगड भरली ५७. चार ग्रॅम मळ, लाख आणि झाळ. आधी वजन, नंतर वजन, दोन्ही आमच्या डोळ्यांदेखत केलं, म्हणून कुणाच्या मनात काही राहिलं नाही.

लगड ऐरणीवर घेऊन ठोकायची. चांदी ठोकून ठोकून कडक होते, हट्टाला पेटते म्हणा ना. मग पुन्हा तापवायची, फिक्की लाल झाली की थांबायचं, मऊ झाली की पुन्हा ठोकायची. सळई पुरेशी बारीक झाली की जंतराच्या भोकातून ओढायची. जंतर म्हणजे एकाहून एक लहान भोकं असलेली पोलादी पट्टी. तार हवी तेवढी झाली की बोटाच्या मापाच्या गजाभोवती वेढा द्यायचा. अंगठीचे दोन्ही तोंड डाक लावून सांधतात. जोडव्याची तोंडं मात्र मोकळी ठेवतात, बोट सुजलं, वय वाढलं तर दाबून-फाकवून घालता येतं. शेवटी काळवंडलेली अंगठी पूर्वी चिंचेच्या पाण्यात उकळत, मग रिठ्याच्या फेसात पितळी कुंच्यानं घासत. आमच्यासाठी काकांनी चिंच आणि रिठेच घेतले.

संध्याकाळी दुकान झाडलं तर तो केर त्यांनी डब्यात भरला. त्यातही चांदीचे कण असतात. तो केर धुऊन कण काढणारे झारेकरी पूर्वी गावोगाव फिरत. त्यांच्या बायका गटारीच्या कडेला पाटीत माती धूत बसलेल्या माझ्या आईनं पाहिल्या आहेत.

दागिना घेताना किंवा मोडताना दोन गोष्टी करा. नव्या चांदीवर हॉलमार्क मागा. ९२५ आकडा असेल तर हजारात ९२५ भाग चांदी. आणि मोडीची पावती वजन आणि कस दोन्ही लिहून घ्या. नुसतं 'चांदी' असं लिहिलेली पावती काही कामाची नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या, कडेवर माझे मालक. त्या वर्षी त्यांनी एक वाळा आणि दुसऱ्याचा अर्धा तुकडा मोडला. अर्धाच का, हे मी पुष्कळदा विचारलं. म्हणायच्या, "तेवढ्यानं भागलं." किती भाव मिळाला, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या अर्ध्या वाळ्याच्या चांदीतून माझी जोडवी झाली आणि नातीसाठी एक बारीक अंगठी. उरलेली तार काकांनी गुंडाळून दिली. राणीछाप तीन रुपये मी आटवले नाहीत. राजाचे दोनही तसेच ठेवलेत. फक्त आता ते दोन वेगळ्या फडक्यांत बांधलेत आणि एका फडक्यावर सुईदोऱ्यानं '५०' असा आकडा घातलाय, म्हणजे माझ्या मागं कुणी ते उघडलं तर फसायला नको.